लोण्याचे दागिने

सुनेची पहिली संक्रांत, आणि पुण्याहून मागवलेले हलव्याचे दागिने खोक्यातून निघाले ते चुरा होऊन. मी त्या कुरियरवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. सून तेलुगू. ती शांतपणे म्हणाली, "अत्तय्या, टेन्शन नक्को. मी बटर मिंट करते ना, तेच साच्यात पाडू आणि ओवू."

"लोण्याचे दागिने? अगं, डोकं ठिकाणावर आहे ना?"

पण माझ्याकडे तरी दुसरा उपाय कुठे होता! आणि दागिने मला हवेच होते, कारण हळदीकुंकवाला मी तिच्या आईला बोलावलं होतं. लग्न त्यांच्या मनाविरुद्ध झालं, तेव्हापासून मायलेकींत एका शब्दाचं बोलणं नव्हतं. त्या अंबरपेठेत, आम्ही विद्यानगरला; एकाच शहरात, अंतर ते केवढंसं, पण पाऊल उचलायला मन लागतं. फोनवर मला एवढंच म्हणाल्या, "देखेंगे." सून त्यांचं नावही काढत नसे. फक्त आदल्या दिवशी म्हणाली, "काळी साडी नको हां. सणाला काळं नेसलेलं अम्माला चालत नाही." म्हणजे तीही वाट बघत होती तर! माझी हौसेची काळी चंद्रकळा मी मुकाट्याने कपाटात परत ठेवली.

दुपारी आम्ही दोघी स्वयंपाकघरात फरशीवर बसलो. लोणी, पिठीसाखर, चमचाभर साय आणि पेपरमिंटचे थेंब. मळता मळता गोळा मऊसूत होत गेला, आणि त्या वासाने श्वासच गार झाला. अर्ध्याला तिने फिका गुलाबी रंग दिला, अर्ध्याला पिस्ता. मी गोळी साखरेत घोळवायची आणि दिलसुखनगरच्या बाजारातून आणलेल्या रबरी साच्यात दाबायची. तिने साचा उलटा करून अलगद फूल पाडायचं आणि काडीने भोक करायचं. ती काहीतरी गुणगुणत होती. खिडकीतलं ऊन भिंतीवरून सरकत खाली आलं. माझा डोळा लागला की काय कोण जाणे. जागी झाले तेव्हा परातीभर फुलं वाळत होती आणि सून त्यांच्याकडे बघत नुसती बसली होती. मला वाटलं, ही दुपार कधी संपूच नये.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सुनेच्या पिवळ्या साडीवर ते दागिने असे काही शोभले की शेजारणी बघत राहिल्या. आणि तिची आई आली! आली खरी, पण कोपऱ्यातल्या खुर्चीत ताठ बसली. कुंकू माझ्याकडून लावून घेतलं, तिळगूळ घेतला, लेकीकडे मान म्हणून वळवली नाही. मी मनात म्हटलं, बाई गं, नऊ महिने पोटात वाढवलीस ना तिला?

खोलीत बायकांची ही गर्दी. सून वाणाचं तबक घेऊन उभी, आणि तिच्या गळ्यातली फुलं पाघळायला लागली. मी धावत जाऊन पंखा पाचावर केला. कसलं काय! गुलाबी ओघळ मानेवरून खाली, पिस्ता रंगाचे कानांमागून. दोन्ही हातांत तबक, पुसणार कशी? कुणीतरी फिसकन हसलं. पोरीचा चेहरा रडवेला झाला. माझ्या हट्टापायी तिची शोभा झाली, मला मेल्याहून मेल्यासारखं वाटलं.

तेवढ्यात खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"एंटे इदी!" काय गं हे, म्हणत तिची आई उठली. स्वतःच्या रेशमी साडीचा पदर ओढून लेकीची मान पुसायला लागली, मग गळा, मग कानामागे. तेलुगूत तोंडाचा पट्टा अखंड चालू. लेक तबक तसंच धरून, डोळे मिटून, लहान मुलीसारखी हनुवटी वर करून उभी राहिली.

आता मनगटांवरची फुलं तेवढी पाघळायची राहिली होती. मी गुपचूप मागे सरकले आणि पंखा बंद केला.