बाबांची पाच ते सातची वेळ

माझ्या सासऱ्यांबद्दल लिहायचं म्हणजे आधी स्वतःची लाज चव्हाट्यावर आणावी लागणार. आणते. मी तोंडाने फटकळ आहे हे क्युपर्टिनोतल्या निम्म्या मराठी लोकांना ठाऊक आहेच, आतून कशी आहे तेही कळू दे.

सासऱ्यांचं नाव गुरुनाथ. कऱ्हाडला नगरपालिकेत पाणी सोडायच्या कामावर एकतीस वर्षं होते. पहाटे साडेचारला उठून सगळं आटपायचं आणि सव्वापाचला लोखंडी चावी सायकलला बांधून निघायचं. रस्त्यातल्या चेंबरचं झाकण उचलून व्हॉल्व्ह फिरवला की त्या पेठेला पाणी. पाच मिनिटं उशीर झाला तर बायका दारात उभ्या राहून उद्धार करणार. पण उशीर एकदाच झाला, माझा नवरा अमेय जन्मला त्या पहाटे, असं ते अजून सांगतात. रिटायर झाले तरी जाग साडेचारचीच राहिली. सासूबाई गेल्यावर आम्ही त्यांना कायमचं इथे अमेरिकेत घेऊन आलो, त्याला आता दीड वर्ष झालं.

पहिल्याच आठवड्यात आमच्या भिंतीला भिंत लागलेल्या टाउनहाउसमध्ये पहाटे साडेचारला जे सुरू झालं, बाप्पा! खाकरणं काय, चूळ भरणं काय, दोनदा फ्लश, वर नळाखाली बादली. आमची रुही डोळे चोळत खोलीत आली, "ममा, इट्स फोर-थर्टी! आजोबा इज सो लाउड!" अमेयचे इंडिया टीमबरोबरचे कॉल उशिरापर्यंत चालतात, त्याने उशीत तोंड खुपसलं. सांगायचं काम अर्थातच माझ्यावर आलं.

मी सांगितलं, अगदी गोड आवाजात. "बाबा, इथे भिंती फार पातळ असतात हो. सातच्या आत फ्लश, आंघोळ काही नको. शेजारचे कम्प्लेंट करतात."

शेजारच्या बाईंनी कधीही तक्रार केलेली नव्हती. मुलीला त्रास होतो म्हटलं तर बाबांना लागेल आणि मला त्रास होतो म्हटलं तर मी वाईट ठरेन, म्हणून तिसऱ्याच माणसाच्या नावावर खपवून दिलं. बाबा म्हणाले, "बरं." विषय संपला. माझ्यापुरता तरी.

पुढे माझंच पित्त उसळायला लागलं. झोप नाही, डोकं चढलेलं. ऑफिसातल्या मैत्रिणीने एका चिनी वैद्यबाईंचं नाव दिलं, डॉक्टर लिन. त्यांनी मनगटावर तीन बोटं ठेवून नाडी पाहिली, जीभ बाहेर काढायला लावली आणि भिंतीवरचं घड्याळासारखं चित्र दाखवलं. चिनी वैद्यकात प्रत्येक अवयवाची दोन-दोन तासांची वेळ असते. पहाटे तीन ते पाच फुफ्फुसं, पाच ते सात मोठं आतडं, सात ते नऊ पोट. पाचला उठायचं, कोमट पाणी प्यायचं, पोट साफ करायचं, मोकळ्या हवेत फिरायचं. मी पाचला उठायला लागले. मोजे घालून चोरपावलांनी खाली यायचं, गाडी काढायची आणि पार्कात चिनी आज्या-आजोबांच्या मागे उभं राहून त्यांच्यासारखे हात हलवायचे. कोमट पाणी, बाथरूम सगळं तिकडेच. दोन महिन्यांत पित्त पळालं.

मग काय विचारता! मला बोलायला विषय मिळाला. इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सकाळी माझा मेसेज. शेवटी मंडळाने लायब्ररीच्या हॉलमध्ये माझं भाषणच ठेवलं. मी स्लाइड्स केल्या, साडी नेसले. पहिल्या रांगेत बाबा इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. त्या दिवसांत त्यांचं पोट साफ होत नसे. इसबगोल झालं, डॉक्टरांची पावडर झाली, जेवण निम्म्यावर आलं होतं.

आतड्याची स्लाइड आली आणि मी म्हणाले, "घरचंच उदाहरण देते. आमचे बाबा. गावाकडे पहाटे उठायचे तेव्हा तब्येत कशी ठणठणीत! इथे आल्यापासून सातशिवाय अंथरूण सोडत नाहीत, आणि मग पोटाची तक्रार. अमेरिका मानवली हो त्यांना!"

हॉल हसला. बाबाही हसले. मागे बसलेल्या नीलांबरी काकूंनी त्यांच्या खांद्यावर टपली मारली, "काय हो, आळशी झालात!" ते मान हलवून म्हणाले, "झालो खरा."

आता हे लिहिताना कानशिलं तापतात. तेव्हा मात्र मी खुशीत होते.

पुढच्या आठवड्यात मी त्यांना डॉक्टर लिनकडे नेलं. त्या इंग्रजीत विचारणार, मी मराठीत सांगणार, असं ठरलं. नाडी झाली, जीभ झाली. मग त्यांनी विचारलं, सकाळी जाग कधी येते? मी तोंड उघडायच्या आतच बाबांनी चार बोटं वर केली आणि पाचवं अर्धं दुमडून दाखवलं.

"बाबा, साडेचार? तुम्ही सातला उठता ना?"

"उठतो सातलाच. जाग साडेचारला येते."

डॉक्टरांनी विचारलं, मग मधले अडीच तास काय करतात? मी विचारलं.

"पडून असतो."

"आणि... बाथरूमला?"

बाबांनी खाली बघितलं. सुनेशी हे बोलायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. "लागते की. पाचलाच लागते. थांबतो. सातपर्यंत जिरून जाते, मग बसलं तरी होत नाही."

डॉक्टर लिन माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी सगळं सांगितलं, तेवढं तरी खरं सांगितलं. त्यांनी लगेच विचारलं, पण थांबतात कशासाठी?

मी बाबांकडे वळले. प्रश्न मराठीत करायची गरज नव्हती, त्यांना तो कळला होता. आणि उत्तर मलाही माहीत होतं. तरी ते हळूच म्हणाले, "सांग, सवयच आहे तशी म्हणून."

आणि मी सांगितलं. "इट्स हिज हॅबिट."

डॉक्टर लिननी पेन खाली ठेवलं आणि त्यांना चांगलं झापलं. या वयात एवढंही कळत नाही? शरीर हाक मारतं तेव्हा उठायचं! औषधं घेऊन काय उपयोग? बाबा प्रत्येक वाक्याला मान डोलवत होते, "येस, येस, सॉरी." एकाहत्तर वर्षांचा माणूस माझ्या वाटची बोलणी खात होता आणि मी शेजारच्या खुर्चीत पर्स मांडीवर घेऊन बसले होते. एक वाक्य पुरलं असतं. नाही निघालं तोंडातून.

गाडीत मी म्हटलं, "बाबा, सांगायचंत ना मला! निदान मी गेल्यावर तरी उठायचंत."

"तू गेलीस तरी शेजारी असतातच की," ते म्हणाले. "तुझी गाडी निघाल्याचा आवाज येतो मला. काळोखात एकटी जातेस, काळजी वाटते. परत आलीस की बरं वाटतं."

सिग्नलला गाडी थांबली.

"त्या शेजारच्या बाईंना मी दिवाळीत चकल्या देऊन आलो होतो," ते पुढे म्हणाले. "पहिल्या आठवड्यात फार त्रास झाला असेल त्यांना. सॉरी म्हटलं. त्यांना काही समजलं नाही बहुतेक, हसल्या नुसत्या. चांगली बाई आहे."

स्टिअरिंगवर डोकं आपटावंसं वाटलं मला. आता सांग, विनीता, आता तरी सांग की कोणी तक्रार केली नव्हती, मी खोटं बोलले. मागच्या गाडीने हॉर्न दिला.

"मी बोलते शेजारच्यांशी," मी म्हणाले. "उद्यापासून तुम्ही हवं तेव्हा उठा."

दोन दिवसांनी बाबांनी विचारलं, "बोलणं झालं का?" मी म्हटलं, "झालं. काही हरकत नाही म्हणाल्या." एका खोट्यावर दुसरं खोटं. अमेयला मात्र खरं सांगितलं. तो म्हणाला, "तू सांग त्यांना. मी नाही सांगणार." रुहीला कानात घालायला मऊ बोळे आणून दिले, दहा डॉलरचं काम. इतके महिने ते सुचलं नव्हतं. महिन्याभरात बाबांचं पोट सुरळीत झालं, दोन पोळ्यांवर तिसरी मागायला लागले.

मंडळाने पुन्हा भाषण ठेवलं. या वेळी मी ठरवून गेले होते. स्लाइड्सच्या आधी, सगळ्यांसमोर, ज्या हॉलमध्ये त्यांना आळशी म्हटलं तिथेच खरं सांगायचं आणि माफी मागायची. रात्रभर वाक्यं जुळवली होती. माइक हातात घेतला, "आज सुरुवातीला मला एक सांगायचंय," एवढं म्हणाले, आणि पहिल्या रांगेतून बाबा उठून उभे राहिले.

"आधी मी बोलू का जरा?" त्यांनी हॉलकडे तोंड केलं. "मागच्या खेपेला हिनं माझं उदाहरण दिलं, ते बरोबरच होतं. मला इथं संकोच होता, शेजाऱ्यांना त्रास होईल म्हणून. तर ही स्वतः शेजारी गेली, माझ्यासाठी शब्द टाकला, परवानगी काढली. आता मी साडेचारला उठतो. पोटची पोर करणार नाही एवढं सुनेनं केलं."

एवढं बोलून ते खाली बसले. नीलांबरी काकूंनी डोळ्याला पदर लावला. शेवटच्या रांगेपर्यंत टाळ्या वाजल्या. कोपऱ्यात उभा असलेला अमेय तेवढा माझ्याकडे बघत होता.

टाळ्या थांबल्या. मी सगळ्यांना हात जोडले आणि पहिली स्लाइड लावली.