दोरीवरचे सात मीटर

२८ फेब्रुवारी २०२५, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटे. शाळेच्या विहिरीत दोरी सोडायला सुरुवात झाली तेव्हाची ही वेळ मी वहीत लिहून घेतली. आठवीच्या दोन मुली दोरी सोडत होत्या आणि बाकीचा वर्ग कठड्याभोवती उभा राहून दर गाठीला आकडा म्हणत होता. दर मीटरला एक गाठ, टोकाला किलोचे लोखंडी वजन. सहा गाठी गेल्या, वजन पाण्याला टेकले, उरलेले अंतर फूटपट्टीने मोजले गेले. सहा मीटर एक्क्याण्णव सेंटिमीटर. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत.

सांगोल्याच्या पुढच्या या कोरड्या गावात मी मूल्यमापनासाठी गेले होते. सोलापुरातली एक संस्था या गावाचा पाण्याचा नियम इतर गावांत न्यायचा की नाही हे ठरवणार होती, आणि ते माझ्या अहवालावर अवलंबून होते. नियम सोपा होता. फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी शाळेच्या विहिरीचे पाणी काठापासून सात मीटरपेक्षा खोल गेले, तर पिण्याचे आणि जनावरांचे पाणी सोडून सगळ्या मोटारी पावसापर्यंत बंद. मोजायचे शाळेने, अंमल सरपंचांनी करायचा.

मला खटकत होते ते आकडे. आधीच्या तीन वर्षांच्या नोंदी होत्या ६.९४, ६.८९ आणि ६.९३. निसर्ग इतका समजूतदार नसतो. मर्यादेच्या अलीकडे नेमके थांबणारे आकडे बहुधा कोणीतरी थांबवलेले असतात, हे मी प्रयोगशाळेत शिकले होते. खरे सांगायचे तर मला खोट सापडायला हवी होती. सगळे उत्तम चालले आहे असे सांगणारा अहवाल कोणाच्या लक्षात राहत नाही, आणि मला लक्षात राहायचे होते.

माझा संशय सरपंचबाईंवर होता. पन्नाशीच्या, मोजके बोलणाऱ्या, शाळेपासून दोनशे पावलांवर डाळिंबाची बाग असलेल्या. आदल्या दिवशी मी ती बाग पाहिली होती. झाडे फुलांनी भरलेली होती. त्यांनी आंबे बहार, म्हणजे उन्हाळ्यात पोसायचे पीक, धरला होता; उन्हाळाभर पाणी मिळणार हे मोजणीच्या आधीच गृहीत धरले होते. बागेची विंधनविहीर आणि शाळेची विहीर एकाच खडकातले पाणी ओढतात. इतका सरळ लाभ ज्याला होतो, त्याच्याकडे आधी पाहायचे.

मी पिशवीतून पोलादी टेप काढला आणि मुलांसमोरच विहिरीत सोडला. सात मीटर बेचाळीस. पुन्हा सोडला. सात बेचाळीस.

विज्ञानाचे सर निवृत्तीला दोन वर्षे उरलेले गृहस्थ. गावाला पाणी मोजायला त्यांनीच शिकवले होते. त्यांनी दोरी उचलली, शाळेच्या ओसरीवर सरळ पसरली आणि माझा टेप मागितला. पहिल्या दोन गाठींमधले अंतर एकशे आठ सेंटिमीटर निघाले, पुढचे एकशे नऊ, त्यापुढचे पुन्हा एकशे आठ. सर ओसरीच्या पायरीवर बसले.

कारण कळायला वेळ लागला नाही. पाण्याच्या नियमाचा ठराव झाला त्याच आठवड्यात सरांनी ही दोरी बांधली होती. मुलांच्या हाताला लागाव्यात म्हणून गाठी मुद्दाम मोठ्या आणि सैल घातल्या होत्या. प्रत्येक मोजणीनंतर दोरी वाळायला ओसरीच्या लोखंडी आकड्याला टांगली जायची, वजनासकट. गाठी आवळत गेल्या आणि त्यांच्यात अडकलेली दोरी बाहेर येत गेली. आता त्या चिंचोक्याएवढ्या लहान आणि घट्ट होत्या. तीन वर्षे गाव प्रामाणिकपणे चुकीचे मोजत होते.

किंवा कोणाला तरी ते माहीत होते. ही शंका मी वहीत लिहिली आणि खाली रेघ मारली.

अकरा वाजता ग्रामसभा भरली. सरांनी उभे राहून चूक आपली असल्याचे सांगितले. त्यावर गलका झाला. एका शेतकऱ्याचे म्हणणे पडले की ठराव दोरीवर झाला आहे, तेव्हा दोरीचाच आकडा धरावा. बऱ्याच माना डोलल्या. कांद्याची लागवड झालेल्या दोघांनी माझ्या टेपवरच शंका घेतली, आणि त्यांच्या जागी मीही तेच केले असते. मग सरपंचबाई माझ्याकडे वळल्या.

“मॅडम, काल माज्या बागंत फिरून झाडं मोजत हुता. तवाच वळखलं मी, तुमी कुणाला धरायला आलाय ते.”

सभेत हशा पिकला.

“तुमचा टेप शहरातला, आमची दोरी गावठी,” त्या म्हणाल्या, “पर पानी दोगांलाबी एकच हाय की. सातच्या खाली गेलंय म्हनल्यावर मोटारी बंद. पयली माजी.”

मागून कोणीतरी फुलांचे काय होणार म्हणून विचारले.

“गळत्याल,” त्या म्हणाल्या, आणि वायरमनला बोलवायला सांगितले.

मोटारींचे फ्यूज दुपारपर्यंत काढून ग्रामपंचायतीच्या कपाटात ठेवले गेले. मी यादी तपासली. सरपंचबाईंचे नाव वर होते. तरीही माझे समाधान झाले नाही. इतक्या लवकर मान्य होणारे नुकसान मला पटत नाही. फ्यूजच्या जागी तार अडकवून मोटार चालवता येते हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक असते, आणि त्या आठवड्यात शेतीची वीज रात्रीची होती. माझ्या मनातले त्यांनी ओळखले असावे.

“ऱ्हावा की आज हितंच,” त्या निघताना म्हणाल्या. “सकाळी मोजून जावा.”

या आग्रहाचाही मला संशय आला. त्यांच्या घरी न राहता मी सरांकडे मुक्काम केला. हिशेब सरळ होता. बागेची मोटार रात्री चालली तर शाळेच्या विहिरीचे पाणी सकाळी आणखी खोल गेलेले दिसेल. खरोखर बंद राहिली तर खडकातून झिरपून ते थोडे वर येईल. दिवसभर गावाने पिण्याचे आणि जनावरांचे पाणी उपसले होते; संध्याकाळी सहा वाजता मी पुन्हा मोजले, अजून सात बेचाळीसच, आणि ते कोणालाही सांगितले नाही. जेवताना सरांनी एकदाच विचारले, नियम दुसऱ्या गावात न्यावा असे मी लिहीन का. उद्या सांगते, मी म्हणाले. ते ताटातली भाकरी मोडत राहिले.

१ मार्च, सकाळी सहा वाजून पन्नास मिनिटे. विहिरीवर कोणी नव्हते. काठावरच्या त्याच खुणेला टेप धरला, खाली सोडला, टेकल्याचा आवाज ऐकला. आकडा वाचला. विश्वास बसेना म्हणून टेप ओढून कोरडा केला आणि पुन्हा सोडला. मग वहीत लिहिले: ७.३७ मीटर, पाणी पाच सेंटिमीटर वर.