काकूंच्या थालीपिठातली लिंक

शेजारच्या काकांनी डबा फेकला नाही. जवळ आले आणि हातात घट्ट धरून माझ्या कपाळावर हाणला. स्टीलचा, तीन पुडांचा. भुवई फुटली, कीबोर्डवर रक्त सांडलं. बंगळुरूच्या इंदिरानगरातल्या आमच्या ऑफिसात सगळे ताडकन उभे राहिले. "बेडा सार, बेडा!" नको, नको म्हणत वॉचमन मध्ये पडला, तर त्यालाही कोपराने ढकललं. सत्तरी ओलांडलेला, सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेला इंजिनिअर!

माझं डोकं भडकायला काडीही लागत नाही. मी हात उगारला.

आमचा धंदा असा, की दुसऱ्यांच्या साइटवर गिऱ्हाइकाच्या लिंका लावायच्या, म्हणजे गिऱ्हाईक सर्चमध्ये वर चढतं. साइट जितकी जुनी आणि साधी, तितकं तिच्या शब्दाला वजन. काकूंची साइट तशीच होती. त्या गेल्यावर काकांनी त्यांच्या पाककृती त्यांच्याच बोलण्यासकट तिथे चढवल्या होत्या. सांभाळायला माझ्याकडे दिली. दर बुधवारी त्यातलं काहीतरी, स्क्रीनवर वाचत, करून मला डबा आणायचे. मी नागपूरचा, इथे एकटा.

बॉसने टेबलावर मूठ आपटली होती, "लिंक्स नहीं, तो तू भी नहीं!" मी खाल्ल्या घरचे वासे मोजले. "थालीपिठाला मध्ये भोक पाड, बाळा," या काकूंच्या वाक्यापुढे मी लिहिलं, "आणि भाजेपर्यंत इथे नशीब आजमाव." खाली जुगाराच्या अॅपची लिंक.

"ती बोलतेय असं समजून वाचतो रे मी," काका म्हणाले. "तिच्या तोंडात हे घातलंस?"

दुसरा फटका छातीवर बसला. माझा हात आपोआप खाली आला. स्वतःची इतकी किळस मला कधीच आली नव्हती.

"पुलिस को बुलाओ," बॉस ओरडला. मी त्याची कॉलर धरून त्याला भिंतीवर आदळलं. नोकरी तिथेच संपली. संध्याकाळी ती लिंक काढायला बसलो, तर काकांनी साइटच बंद करून टाकली होती.

मी निघताना वॉचमनने चेपलेला डबा माझ्या पिशवीत टाकला होता. झाकण पक्कडीने उघडावं लागलं. आत थालीपीठ होतं, मध्ये भोक पाडलेलं. म्हणजे ती ओळ वाचूनही त्यांनी ते थापलं, भाजलं, माझ्यासाठी भरलं.

अजूनही बुधवारी मी काकूंचं वाक्य सर्चला टाकतो. काहीच येत नाही.