अंगावरचं लुगडं

कस्तुराबाईला माणसं आवडत नसत, आणि हे तिनं कधी लपवलंही नाही. गाईपुढं उभी राहिली की तिचा चेहरा निवळायचा. माणूस समोर आला की पुन्हा आंबायचा. देवणीच्या अलीकडच्या त्या गावात तिच्या दारातल्या पांढऱ्या-काळ्या देवणी गाईंचं नाव होतं, आणि त्याहून मोठं नाव तिच्या तोंडाचं होतं.

लातूरला जिल्हा होऊन तीन-चार वर्षं झाली होती. जिल्हा नवा, कचेऱ्या नव्या, जीपगाड्याही नव्या. दुष्काळ तेवढा जुना. त्या साली विहिरींचे तळ दिसले, पाच गाईंतल्या तीन चारा छावणीवर गेल्या, आणि गावातली हातावर पोट असलेली माणसं हैद्राबादच्या बांधकामांवर निघाली. त्यातच वीरण्णा आणि त्याची बायको महानंदा. त्यांची तीन वर्षांची पोर, शिवम्मा, नेमकी गोवरानं फणफणलेली. मुकादम म्हणाला, आजारी पोर ट्रकमध्ये घेणार नाही.

महानंदा कस्तुराबाईच्या ओट्याला टेकून रडत बसली.

"रडायलीस कशाला? तुझ्या रडण्यानं गोवर जाणार हाय व्हय?" कस्तुराबाई म्हणाली. "टाक तिला इथं. माझ्या दारात कुत्र्याची पिल्लंबी जगतात."

"मावशी, चार महिन्यांत येते बघा."

"चार महिने म्हणणारी माणसं लई बघितली मी. ते राहू दे. अंगावरचं लुगडं सोड."

महानंदा दचकली. "धुऊन देते की."

"धुतलेलं नको! अक्कल कुठं गहाण ठेवलीस? घामाचं, धुराचं, जसं हाय तसं दे."

महानंदा आत गेली, आपलं हिरवं, विटलेलं लुगडं सोडून कस्तुराबाईचं एक जुनं नेसली आणि ट्रकवर चढली. कस्तुराबाईनं त्याच आठवड्यात त्या हिरव्या लुगड्याची वाकळ शिवली. आत चिंध्यांचे थर, वर लुगडं. गाय दूर बांधायची वेळ आली की ती वासराच्या गळ्यात गाईच्या अंगाला घासलेलं फडकं बांधायची, म्हणजे वासरू आईचा वास विसरत नाही. बायका हसल्या. त्यांच्या हसण्याला कस्तुराबाईनं दारावरल्या माशीएवढीही किंमत दिली नाही.

पोर जगली. चारचे आठ महिने झाले, आठचे चौदा. हैद्राबादहून निरोप यायचे ते ट्रकवाल्यांकडून. "ट्रकवाल्याच्या तोंडून माया धाडती! आई म्हणं ही!" कस्तुराबाई नवऱ्याला ऐकवायची. ज्ञानोबा बिचारा गरीब. त्याला शिव्या न खाता जेवण गोड लागत नसावं. शिवम्मा वाकळीचं टोक मुठीत धरून झोपायची. एके दुपारी ती कस्तुराबाईच्या गुडघ्याला बिलगून "माय" म्हणाली. कस्तुराबाईनं तिचा हात सोडवला.

"माय हैद्राबादला हाय. मला कस्तुरा म्हण."

पोर म्हणाली, "कस्तुला." कस्तुराबाई उठून गाईपाशी गेली आणि बराच वेळ तिची पाठ घासत राहिली.

मग साहेबराव आला. गावातला मोठा जमीनदार, पोटी मूलबाळ नसलेला, पांढऱ्या धोतराचा. बरोबर लातूरच्या कचेरीतला एक अधिकारी, आणि हातात झालरीचा गुलाबी फ्रॉक.

"वर्ष उलटलं, आईबापाचा पत्ता नाही," अधिकारी म्हणाला. "मूल बेवारस धरावं लागेल. पुढल्या सोमवारच्या पुढल्या सोमवारी मी येतो. आईबाप हजर पाहिजेत. आणि पोरीनं त्यांना ओळखलं पाहिजे. नाहीतर पोर लातूरच्या अनाथालयात. तिथून पुढं रीतसर..." त्यानं साहेबरावाकडं पाहिलं.

"आमच्या घरी सोन्यासारखी राहील, कस्तुराबाई," साहेबराव म्हणाला. "टाकून गेलेल्या आईबापापेक्षा बरं."

"सोन्यासारखी?" कस्तुराबाईनं फ्रॉक चिमटीत धरून गाईच्या गव्हाणीवर टाकला. "दुष्काळात माणसं पोटामागं गेली की तुम्ही मागून लेकरं वेचायला निघता. त्या महानंदीला अक्कल न्हाई हे खरं. पर तिच्या बिनअकलीची पोर तुमच्या घरी शोभेला ठेवायची न्हाई."

संध्याकाळी तिनं ज्ञानोबाला हैद्राबादला धाडलं. उदगीरच्या पलीकडं कधी न गेलेला तो माणूस, ट्रकवाल्यांकडून ठिकाण विचारून, भाकरीचं गाठोडं घेऊन रेल्वेत बसला आणि नवव्या दिवशी दोघांना घेऊन आला.

महानंदा उतरली ती चमकीच्या नायलॉन साडीत. तोंडाला पावडर, केसांना सुगंधी तेल, हातात प्लास्टिकची बाहुली. लेकीपुढं चांगलं दिसावं म्हणून तिनं अंगावर सगळं शहर घातलं होतं. तिनं हात पसरले. शिवम्मानं एक किंकाळी फोडली आणि कस्तुराबाईच्या पाठीमागं दडली.

महानंदा तिथंच मटकन बसली.

"बसा आता!" कस्तुराबाई कडाडली. "नटून आली बया! तुला पोर न्यायची होती की नाटकात काम करायचं होतं? चार दिवस राहिलेत सोमवारला, चार!"

"मावशी, तिला माझा चेहराबी आठवंना..."

"चेहरा कुणाला आठवतो? मलाच तुझा आठवत न्हाई, आठवण्यासारखा हाय का तो?"

ती आत गेली, वाकळ आणली, आणि अंगणात बसून सुरीनं टाके उसवू लागली. चौदा महिन्यांचे टाके. हिरवं लुगडं मोकळं झालं. कडेला विरलेलं, मधे पोरीच्या मुठीनं काळं पडलेलं.

"तोंड धू. हे नेस. आजपासून गोठ्यात राहायचं. शेण काढ, वैरण टाक. पोरीकडं बघायचं न्हाई. बोलवायचं न्हाई. बघितलंस तर झिंज्या उपटीन."

"लेकीकडं बघू नको?"

"बिचकलेलं वासरू गाईपुढं ढकलत्यात व्हय? दिसंल असं लांब बांधत्यात. रोज हातभर जवळ."

पहिला दिवस महानंदा गोठ्यात, पोर ओट्यावर. दुसऱ्या दिवशी महानंदा अंगणात ज्वारी निवडत बसली. तिसऱ्या दिवशी भाकरी तिनं थापली, ताटात मात्र कस्तुराबाईनं वाढली. महानंदा डोळे पुसत होती, पण मान वर करत नव्हती. वीरण्णानं एकदा पोरीला हाक मारायला तोंड उघडलं, तर कस्तुराबाईनं त्याला रिकामी घागर देऊन टँकरच्या रांगेत हाकललं.

तीन रात्री वाकळीवाचून रडत झोपलेल्या शिवम्माला रविवारी दुपारी झोप आली. तिनं पुन्हा वाकळ शोधली. कोपऱ्यात चिंध्यांचा थर होता, हिरवं काही नव्हतं. ती ओठ काढून घरभर फिरली आणि अंगणात आली. हिरवं तिथं होतं, चुलीपाशी पाठमोऱ्या बसलेल्या बाईच्या अंगावर. पोर थबकली. दोन पावलं गेली. मग पदराचं टोक मुठीत धरलं, नाकाशी नेलं, आणि त्या बाईच्या पाठीला टेकून उभ्या-उभ्याच पेंगू लागली.

महानंदा दगडासारखी बसली. भाकरी करपली तरी हलली नाही.

कस्तुराबाईनं दारातून पाहिलं. "करपव आता भाकरी! एक काम धड येत न्हाई," ती म्हणाली, पण हळू आवाजात, पोर जागी होणार नाही अशा.

सोमवारी जीप आली. साहेबराव आला. कस्तुराबाई गाय सोडून पाण्याला निघाली.

"तुम्ही थांबा की," अधिकारी म्हणाला.

"मी हाय तोवर ती माझ्याकडंच पळंल. मग तुम्ही लिहिणार, आई परकी. तुमची अक्कल मला ठावं हाय." आणि ती मागं न बघता गेली.

टँकर आला नव्हता, तरी ती त्याच्या रांगेच्या जागी उन्हात उभी राहिली. जीपचा आवाज दूर गेल्यावर परतली, तेव्हा ज्ञानोबा दारात हसत होता. पोरीनं अधिकाऱ्यापुढं आईच्या पदरात तोंड लपवलं होतं, आणि ओढूनही सोडलं नव्हतं.

पंधरा दिवसांनी पोर आईबापाचीच असल्याचा कचेरीचा कागद आला. तोवर वीरण्णाला हैद्राबादेत कायमचं काम आणि एक खोली मिळाली होती. निघताना महानंदा हिरवंच लुगडं नेसली होती. कडेवर पोर. ती पाया पडली आणि तशीच घुटमळली.

"आता काय राहिलं? दिवा लावून ओवाळू?"

"मावशी, तुमच्या अंगावरचं लुगडं द्या. तिच्या वाकळीला." मग घाईनं म्हणाली, "धुतलेलं नको."

कस्तुराबाईनं तिच्याकडं पाहिलं. त्या बाईला अक्कल आहे असं तिला पहिल्यांदाच दिसलं, आणि त्याचाही तिला रागच आला.

"दोनच लुगडी हायत मला, भवाने!" ती ओरडली, आणि आत जाऊन तिनं दार लावून घेतलं, निऱ्या सोडायला.