नमुन्याप्रमाणे

आमच्या शिवणाच्या कारखान्यात एक नियम आहे. नव्या मापाचा पहिला शर्ट मी शिवते, भिंतीवरच्या खिळ्याला टांगते आणि चाळीस बायका अगदी तस्साच शिवतात. कॉलर केवढी, शिलाई कुठे, काही विचारायचं नाही. मान वर करायची, नमुना बघायचा, मान खाली. वीस वर्षं मी हेच शिकवलं. अक्कल घरी ठेवून येत जा, असंही वर म्हणायचे.

कॉलर लावायला जी होती, तिला सगळ्या रेडिओ म्हणायच्या. मशीनवर बसली की तोंडाचा पट्टा सुरू. शेजारी, खिडकीपाशी, काजं करणारी बसायची. ती फारसं बोलायची नाही, पण हुंकार बरोबर जागेवर द्यायची. शेजारच्यांचा गळका नळ, भावाचा चिडका स्वभाव, स्वप्नात आलेली आई, रेडिओच्या तावडीतून काही सुटायचं नाही.

"अगं, जिभेला जरा विश्रांती दे!" मी ओरडायचे.

"घरी देते की, ताई. भावाकडे राहते मी. तिथं दिवसाला चार वाक्यं पुरतात. त्यातलं एक, जेवायला वाढू का."

मी खो खो हसले होते. आता त्या हसण्याची लाज वाटते.

मग नवे साहेब आले. बडबड करणाऱ्यांना वेगळं बसवा म्हणाले. सुंठीवाचून खोकला गेला, असं मला वाटलं. रेडिओला मी टोकाला, इस्त्रीच्या टेबलामागे, भिंतीकडे तोंड करून बसवलं. तिथं वाफेच्या आवाजात स्वतःचं बोलणंही ऐकू येत नाही. पहिल्याच आठवड्यात तिच्या कॉलरी दीडपट झाल्या. साहेबांनी माझी पाठ थोपटली आणि मी ती थोपटून घेतली.

दुसऱ्या महिन्यात तिचा डबा अर्धा परत जायला लागला. एकदा सुई नखातून आरपार गेली, तरी बाई ओरडली नाही. दुसऱ्या कुणाचं असावं तसं त्या बोटाकडे बघत राहिली. दुपारी माझ्याकडे आली.

"ताई, मला परत खिडकीशी बसवा ना. बोलणार नाही मी. नुसती तिच्या शेजारी बसेन."

"बघू," मी म्हणाले. माझ्या तोंडी बघू म्हणजे नाही, हे सगळ्या कारखान्याला ठाऊक होतं.

त्याच आठवड्यात ऑफिसातून कागद आले. प्रत्येकीनं आपली तब्येत लिहायची. झोप लागते का, भूक लागते का, मनातलं बोलायला कुणी आहे का. जिच्या कागदावर 'नाही' असेल, तिला भेटायला डॉक्टरीणबाई येणार होत्या. इथं माल पाठवायची तारीख डोक्यावर आलेली आणि यांना आमच्या झोपेची चौकशी! मी एक कागद पटापट भरला, सगळीकडे 'हो' लिहिलं आणि सवयीनं खिळ्याला टांगला.

माना वर झाल्या, खाली गेल्या, पेनं चालू झाली. रेडिओ तेवढी कागद घेऊन उठून आली. शेवटच्या प्रश्नावर बोट ठेवून म्हणाली, "ताई, इथं काय लिहू?"

"नमुन्यात काय आहे?"

"हो आहे."

"मग?"

तिनं माझ्या टेबलावरच वाकून 'हो' लिहिलं. ती विचारत नव्हती, सांगत होती. एवढंही मला कळलं नाही.

डॉक्टरीणबाई आमच्याकडे आल्याच नाहीत. कशाला येतील?

पंधरा दिवसांनी रेडिओ कामावर यायची थांबली. ताप असेल, म्हटलं. मग एक दिवस काजं करणारी डोळे पुसत म्हणाली, "ती अंथरुणातून उठतच नाही हो. काल गेले होते, माझ्याशीसुद्धा बोलली नाही." त्या दिवशी तिचं मशीन मी स्वतः ढकलत खिडकीपाशी नेलं आणि संध्याकाळी तिच्या घरी गेले.

"आजारबिजार काही नाही, नुसती पडून असते," तिच्या वहिनीनं दारातच सांगितलं. आतल्या खोलीत रेडिओ भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी कॉटच्या कडेला बसले. मशीन हलवलंय, सोमवारपासून ये, वाट्टेल तेवढं बोल, कुणी काही म्हणालं तर मी बघून घेईन, असं बरंच बोलले. बोलता बोलता मलाच रडू आलं. तिचा हात धरून विचारलं, "कशी आहेस गं? खरं सांग."

तिनं हात तसाच सैल राहू दिला. मग मान न वळवता म्हणाली, "नमुन्यात काय आहे, ताई?"