एंटर कोणी दाबायचं

मुलांनो, शहापूरला लॅपटॉप दुरुस्त करणाऱ्या एक बाई आहेत. त्यांनी माझ्या लॅपटॉपमध्ये नवी सिस्टीम टाकायला घेतली आणि मध्येच कीबोर्ड चालेना. पडद्यावर प्रश्न होता: जुन्या फायली ठेवायच्या की पुसायच्या? तुमच्या आजोबांचे सगळे फोटो त्यातच होते.

बाईंनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. विचार करताना त्या कशालाच हात लावत नसत.

"या कीबोर्डचा ड्रायव्हर, म्हंजे तो चालवणारा प्रोग्राम, नाय नव्या सिस्टीममध्ये. तो मागनं टाकू. आता वायरवाला लावते."

वायरचा कीबोर्ड चालला. 'ठेवा'वर येऊन त्यांनी तो माझ्यापुढे सरकवला.

"फोटो तुमचे, आजी. एंटर तुमीच दाबा."

"आणि चुकलं तर?"

"म्हणून तर मी दाबत नाय!"

त्या खळखळून हसल्या. मी चष्मा पुसला, 'ठेवा' पुन्हा वाचलं आणि दाबलं.

सोबत आजोबांचा फोटो पाठवते आहे.