मोळी सोड

शाळेत मुलं मला 'जपूनबाई' म्हणायची. तोंडावर नव्हे, अर्थात; पण भिंतीआड बोललेलं बाईंना ऐकू येत नाही असा त्यांचा एक गोड गैरसमज असतो. नाव मी स्वतःच कमावलं होतं. गोळा उचलला की 'जपून', भाला उचलला की 'जपून', खो-खोचा खांब जरा हलला की 'जपून'. पाथर्डी तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी सगळी नोकरी खेळाची शिक्षिका म्हणून काढली आणि त्यातला निम्मा वेळ मैदानावरचे दगड वेचण्यात गेला. आमच्याकडची जमीन दगडच पिकवते. आज वेचावेत, तर उद्या नवे वर आलेले. रोज प्रार्थनेआधी मुलांची रांग लावून मी मैदान वेचून घ्यायचे. नवे मुख्याध्यापक आले तेव्हा एकदा म्हणाले, "बाई, खेळ कधी शिकवता?" मी म्हटलं, "सर, हाच पहिला तास आहे."

आता निवृत्त होऊन सावेडीत फ्लॅटमध्ये राहते. जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, एसटीच्या पाट्या बदलल्या, पण माझ्या तोंडातलं 'नगर' काही जात नाही. खाली पार्किंगमध्ये पोरं स्केटिंग करतात आणि मी गॅलरीतून 'जपून' ओरडते. पण इतक्या वर्षांत मैदानावर काय पाहिलंत, असं कुणी विचारलं तर मला ढाली आणि पदकं आठवत नाहीत. एका मुलीचा डोक्याकडे जाणारा हात आठवतो.

ती आठवीत आमच्या शाळेत आली. उंच, काटकुळी, बोलायला महाग. आईवडील ऊसतोडीला जाणारे. दिवाळी झाली की टोळ्या ट्रकमध्ये बसून निघायच्या, त्यांच्याबरोबर आमच्या वर्गातली बरीच मुलंही जायची, ती कारखाने बंद झाले की उन्हाळ्याच्या तोंडाशी परतायची. मधले महिने बाकं रिकामी. त्याची आम्हाला इतकी सवय झाली होती की हजेरी घेताना कुणी चुकचुकतही नसे.

एकदा खेळताना चेंडू कुंपणापलीकडे गेला. कुंपण बाभळीच्या काट्यांचं, माझ्या छातीएवढं. ही पोरगी चालत चालत गेली, शेवटी जरा पळाली आणि पलीकडे उतरली. काट्याला फ्रॉकचा धागाही लागला नाही. मी 'जपून' म्हणायला तोंड उघडलं होतं, ते तसंच उघडं राहिलं. उड्या मी आयुष्यभर बघत आले होते. पण ही उडी नव्हती, कुंपणच तिच्यासाठी बाजूला झालं होतं जणू. मला आनंद झाला, आणि खरं सांगायचं तर थोडी भीतीही वाटली. आपल्या हातात काहीतरी मौल्यवान येतंय आणि ते आपल्याकडून फुटू नये, अशी.

मी तिला उंच उडीला घातलं. आणि तिथेच गाडी अडली. शरीर काठीच्या वर सहज जायचं, पण ऐन हवेत उजवा हात झपकन डोक्याकडे जायचा, कोपर काठीला लागायचं आणि काठी खाली. मी सगळे उपाय केले. मुठीत रुमाल दिला, हात कमरेला धरून पळायला लावलं, रागावलेसुद्धा. "हात कशाला नेतेस गं डोक्यावर? वेणी सुटतेय का?" ती प्रामाणिकपणे म्हणायची, "न्हाई नेत बाई." तिला खरंच कळत नव्हतं.

दिवाळीनंतर तिचंही बाक रिकामं झालं. मला काही चैन पडेना. तिच्या आईच्या मोबाईलवर फोन करून पत्ता काढला आणि एका रविवारी एसटीनं घोडेगावला उतरले. तिथल्या जनावरांच्या बाजारापासून थोडं आत, एका उसाच्या फडात त्यांची टोळी होती. फडाच्या कडेला ट्रक उभा आणि त्याला एक अरुंद फळी टेकवलेली. त्या फळीवरून, डोक्यावर उसाची मोळी घेऊन, माझी पोरगी वर चढत होती.

पाठ सरळ, मान स्थिर. फळी तिच्या पावलागणिक लवत होती, आणि जेवढी फळी खाली जाई तेवढंच ती गुडघ्यातून स्वतःला सावरून घेई. डाव्या हातानं ट्रकच्या फळकुटाचा अंदाज आणि उजवा हात मोळीवर. मोळी तिच्या वजनाएवढी तरी असेल. खाली नुकत्याच तोडलेल्या उसाचे टोकदार बुडखे. माझी सगळी प्रशिक्षणं, शिबिरं, तोल कसा शिकवावा यावरची व्याख्यानं त्या फळीखाली उभी राहून वर बघत होती असं मला वाटलं. आणि मग तो उजवा हात मी पुन्हा पाहिला. तोच हात! शाळेच्या मैदानावर ती डोक्यावर नसलेली मोळी सावरत होती.

तिची आई खाली बसून मोळ्या बांधत होती. मला बघून तिनं पोत्यावरची माती झटकली, बसायला दिलं. म्हणाली, "नवरा-बायको मिळून एक कोयता धरत्यात आमच्यात, बाई. तोडायचं दोघांनी, चढवायचं दोघांनी. मागल्या साली मी फळीवरनं पडले. हात निसटला, मोळी कलली, ती धराया गेले आन् तिच्यासंगंच खाली आले. हाड न्हाई मोडलं. पर तवापासनं फळी दिसली का पाय लटपटत्यात. मंग माझ्या वाटची ही चढती." मग लेकीकडे बघत म्हणाली, "मी तिला येकच सांगितलंय. काय बी होऊ दी, मोळीवरचा हात काढायचा न्हाई."

चहा प्यायले आणि परत आले.

उन्हाळ्यात ती आली. आता तिला पाठीवर पडून मारायची उडी शिकवायची होती, मोठ्या स्पर्धांत सगळे तीच मारतात. पण वाळूच्या खड्ड्यात ती उडी म्हणजे मानेशी खेळ, आणि माझ्या मैदानावर ते होणं शक्य नव्हतं. मी गावभर जुन्या गाद्या मागत फिरले. लोकांनी चेष्टा केली, "बाई, शाळेत झोपायची सोय का?" मंडपवाल्यानं त्या सगळ्या एकावर एक रचून ताडपत्रीत शिवून दिल्या. झाली आमची गादी तयार. ढेकूण फुकट.

पहिला धडा उडीचा नव्हता, पडण्याचा होता. गादीकडे पाठ करून उभं राहायचं आणि मागे पडायचं, बस. इतर पोरींनी किंचाळत, हसत पाच मिनिटांत उरकलं. तिला जमेना. फळीवरून झुलत चढणारी मुलगी सपाट जमिनीवर उभी राहून थरथरत होती. मागे झुकायची, हात डोक्याकडे जायचा आणि पाय जमिनीत रुतायचे. रोज तेच. एका संध्याकाळी माझा पारा चढला आणि तोंडातून निघून गेलं, "अगं ए, मोळी सोड की ती!"

आपला वर गेलेला हात तिनं स्वतःच पाहिला, बहुधा पहिल्यांदाच. मग खुदकन हसली, हात खाली टाकले आणि धपकन मागे पडली. पडल्या पडल्या आभाळाकडे बघत म्हणाली, "लई भारी वाटतंय बाई." त्या दिवशी ती अंधार पडेपर्यंत नुसती पडत होती, आणि घरी जाऊन मोळीची ही गंमत तिनं आईलाही सांगितली.

पावसाळा सरला, ती तालुक्यात पहिली आली आणि जिल्ह्याची स्पर्धा टोळ्या निघायच्या दिवसांत येऊन ठेपली. मी तिच्या घरी गेले. आई म्हणाली, "जिल्ह्याला पैली आली आन् फुडं निवड झाली, तर ऱ्हाईल माझ्या भनीकडं. न्हाई आली, तर कोयत्याला मानूस लागतंय." मी तावातावानं शिक्षण, वय, कायदा सगळं बोलले. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग फळीवर तुमी चढता का?"

नगरच्या मैदानावर आई स्वतः आली. ट्रक दुसऱ्या दिवशी निघायचा होता. मैदानावर खरीखुरी निळी गादी होती, फुगलेली, कमरेएवढी. शेवटी आमची पोरगी आणि शहरातली एक मुलगी अशा दोघीच उरल्या. त्या मुलीनं उंची पार केली. आमच्या पोरीची पहिली उडी वाया गेली, दुसरीही गेली. दोन्ही वेळा हात डोक्याकडे. इतके दिवस विसरलेली मोळी आज पुन्हा डोक्यावर चढली होती. घरचा ट्रक, आईचे पाय, सगळंच त्या मोळीत बांधलेलं होतं, मला दुरूनही ते दिसत होतं. आता एकच उडी उरली.

शेजारी आई पदर तोंडात धरून उभी होती. लेक पळायला लागली आणि आईनं पदर सोडला.

"मोळी सोड!" फडातल्या फडात हाक द्यावी तशी ती ओरडली. "सोड गं मोळी! सोड!"

लोक वळून बघायला लागले. कसली मोळी, कुणालाच कळेना. आम्हा तिघींनाच ठाऊक होतं.

ती उडाली. दोन्ही हात मांड्यांना चिकटलेले, मान मागे, पाठीची कमान काठीवरून अलगद जाताना मी पाहिली. असं काही आपल्या डोळ्यांसमोर घडावं आणि आपण तेव्हा तिथे असावं, याबद्दल मी त्या क्षणी कुणाचे तरी आभार मानले. काठी हललीसुद्धा नाही. पुढची उंची तर तिनं पहिल्याच उडीत मारली, शहरातल्या मुलीला ती जमली नाही, आणि आमची पोरगी पहिली आली. मी रडले. शिट्टी गळ्यात घालून बाईनं रडू नये म्हणतात, पण रडले.

बक्षिसं झाली, मैदान रिकामं झालं, गडी गादी उचलायला आले. आई तिथेच घुटमळत होती. तिनं गादीवर तळवा दाबून पाहिला, एकदा, पुन्हा एकदा. लेकीला म्हणाली, "तू ऱ्हा मावशीकडं." मग माझ्याकडे वळून अगदी साधेपणानं विचारलं, "बाई, आसलं काय फळीखाली टाकता येत न्हाई का वो?"

आयुष्यभर मी पडणाऱ्या मुलांखाली काही ना काही अंथरत आले होते. वाळू, भुसा, गाद्या. जिनं कधीच काही अंथरलेलं पाहिलं नाही तिनं एका दुपारी तळवा दाबून बरोबर तेच विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेतली ताडपत्रीची गादी आम्ही टोळीच्या ट्रकवर चढवली. मुख्याध्यापकांना मी सांगून टाकलं की मुलीचा सराव आता मी शहरातल्या मैदानावर घेईन. मुकादम कुरकुरला, जागा जाते म्हणाला. पोरीनं स्वतः दोरी आवळली. आईनं तिला टपावरून शेवटच्या सूचना दिल्या, आणि भांडी, कोंबड्या, कोयते, गादी घेऊन ट्रक गेला.

थंडीत एका दुपारी मोबाईल वाजला. आईचाच.

"बाई, काल मी पडले."

मी हातातलं पातेलं खाली ठेवलं. "कुठून?"

"फळीवरनं. चढाया लागलेय की आता. मधीच पाय सरला, तसं म्हनलं मोळी सोड. सोडली. ती तिकडं आन् मी गादीवर." पलीकडे बायकांचं हसणं ऐकू येत होतं, तीही हसत होती, इतकी की पुढचं नीट बोलता येईना. "पोरीला सांगा बाई, तिच्या आईला बी पडता येतंय म्हनावं."